सुट्टी कुणाची आणि डबे कुणाचे?

*नमस्कार ताई,*

*मी मूळची सांगलीची. नवऱ्याच्या नोकरीमुळे चार वर्षांपासून आम्ही म्युनिकमध्ये आहोत. मुलगा नऊ वर्षांचा, तिसरीत. मुलगी पाच वर्षांची, किंडरगार्टनमध्ये. मीही आठवड्यातून तीन दिवस नोकरी करते.*

*आमच्याकडे भांडण एकाच गोष्टीवरून होतं, फिरण्यावरून. नवरा म्हणतो, 'आपण इथे कायमचे थोडेच आहोत? दोन-तीन वर्षांत परत जाऊ. मग एवढ्या जवळून युरोप बघायला मिळणार आहे का?' म्हणून जोडून सुट्टी आली की नवा देश. भिंतीवर नकाशा लावलाय, त्यावर आतापर्यंत १७ टाचण्या झाल्या. अधल्यामधल्या शनिवार-रविवारी मराठी ग्रुपच्या सहली असतात. सहा कुटुंबं, कुणी पुऱ्या करायच्या, कुणी भाजी. तिकिटं आणि हॉटेलं तो बघतो, बाकी सगळं माझ्याकडे. रविवारी रात्री अकराला घरी येऊन मी वॉशिंग मशीन लावते आणि सोमवारी सकाळी डबे भरताना मला रडू येतं. मागच्या महिन्यात मुलगा म्हणाला, 'आई, ह्या शनिवारी आपण कुठेच नाही गेलो तर चालेल का?' नवऱ्याला वाटलं, मीच त्याला पढवलं.*

*आता सासू-सासरे येणार आहेत. १० मेला येतील आणि ८ ऑगस्टला जातील, पुरते तीन महिने. त्यांच्यासाठी दहा दिवसांत सहा देशांचा बेत ठरलाय आणि शेवटी तीन दिवस लंडन. तिकिटं स्वस्त पडतात म्हणून मुलाला सुट्टी लागायच्या दोन दिवस आधीच निघायचं. सासरे रेल्वेतून निवृत्त झालेत, भुसावळला होते. त्यांचे गुडघे दुखतात. मागच्या वेळी आले होते तेव्हा रोज एकटेच स्टेशनवर जाऊन बसायचे आणि गाड्या बघायचे. सासूबाईंना बर्फ बघायचाय, भिशीतल्या बायकांना फोटो पाठवायचेत.*

*आणि डिसेंबरात भारतात गेलो की तीन आठवड्यांत नऊ घरं. त्यात माझ्या आईकडे चार दिवस.*

*मला प्रवासाचा कंटाळा आलाय का? लोक इतका पैसा खर्चून युरोप बघायला येतात आणि मी इथे राहून कुरकुर करते, ह्याचं अपराधी वाटतं.*

*— दमलेली, म्युनिक*

प्रिय दमलेली,

तुझ्या प्रश्नाकडे येतेच, पण आधी एक तातडीचं काम. सासू-सासऱ्यांची विमानाची तिकिटं काढली असतील तर आज रात्रीच उघडून बघा.

'पुरते तीन महिने' हा आपला घरगुती हिशेब झाला. शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, हिशेब महिन्यांत नसतो, दिवसांत असतो. कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस, आणि त्यात उतरल्याचा दिवसही धरतात, निघाल्याचाही. बोटांवर मोज. मेचे २२, जूनचे ३०, जुलैचे ३१, झाले ८३. ऑगस्टचे सात घातले की नव्वद भरले. ८ ऑगस्ट हा एक्याण्णवावा दिवस. विमान मध्यरात्रीनंतरचं असेल तर 'सातच्या रात्री निघतो' म्हणून उपयोग नाही, पासपोर्ट तपासतात तेव्हा तारीख कोणती ते महत्त्वाचं. एका दिवसाने काय होतंय, असं भुसावळच्या घरी कुणीतरी म्हणेलच. होतं असं की पुढच्या व्हिसाच्या वेळी तो एक दिवस कागदावर उभा राहतो. ऑक्टोबर २०२५ पासून तर शिक्क्यांऐवजी बोटांचे ठसे आणि फोटो घेऊन संगणकावर नोंद सुरू झाली आहे, दिवस आपोआप मोजले जातात. शिवाय व्हिसा हातात आला की त्यावर किती दिवस लिहिलेत ते वाचा. मागितले नव्वद म्हणून मिळाले नव्वद असं दर वेळी होत नाही.

लंडनचं ह्या वेळी सोडूनच द्या. ब्रिटन शेंगेनमध्ये नाही. तुमच्याकडचं जर्मनीत राहण्याच्या परवान्याचं कार्ड तिथे चालत नाही, म्हणजे भारतीय पासपोर्टवर सहाही जणांना वेगळा व्हिसा लागणार. त्यात सासू-सासऱ्यांचा शेंगेन व्हिसा एकाच प्रवेशाचा निघाला तर लंडनला गेल्यावर त्यांना म्युनिकला परत येता येणार नाही. सामान तुमच्या बेडरूममध्ये आणि माणसं लंडनच्या विमानतळावर!

तिसरीतल्या मुलाला दोन दिवस आधी उचलून न्यायचं, तेही नको. जर्मनीत शाळा सक्तीची आहे आणि स्वस्त तिकीट हे रजेचं कारण होत नाही. सुट्टीच्या तोंडावर बायर्नमधल्या, म्हणजे तुमच्या बव्हेरिया राज्यातल्या, विमानतळांवर पोलिसांनी शाळकरी मुलांच्या आईबापांना हटकल्याचे किस्से तुमच्या ग्रुपवर फिरून गेलेच असतील. पालकांना दंड होऊ शकतो. दंडाचं मला फारसं वाटत नाही. पण परतल्यावर 'बाईंना सांग, पोटात दुखत होतं' असं त्याला शिकवावं लागेल, आणि ह्या मुलाचा स्वभाव बघता तो खरं सांगून मोकळा होईल.

हे झालं कारकुनी. आता तुझं.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात एकाही गावाबद्दल तक्रार नाही. प्राग आवडलं नाही, व्हेनिसमध्ये गर्दी होती, असं कुठेच लिहिलेलं नाही. तक्रार आहे ती वॉशिंग मशीनची, पुऱ्यांची आणि सोमवारच्या डब्यांची. ह्याला प्रवासाचा कंटाळा म्हणत नाहीत. घरातली तीन माणसं सुट्टीवर जातात आणि चौथी त्यांच्याबरोबर कामावर जाते, एवढाच प्रकार आहे. नवरा म्हणतो, तिकिटं-हॉटेलं मी बघतो. बघतोच, आणि तेही काम आहे, ते मी नाकारत नाही. पण ते काम मंगळवारी रात्री सोफ्यावर पाय पसरून होतं आणि संपतं. तुझं काम शुक्रवारी दुपारी सुरू होतं. मुलीचं जादा जाकीट, तापाचं औषध, गाडी लागते म्हणून प्लास्टिकच्या पिशव्या, संध्याकाळी हॉटेलात भात लावायला तो छोटा कुकर, आणि थेपले, कारण पहिल्या दिवशी दुपारी काय मिळेल सांगता येत नाही. तिथपासून ते रविवारच्या ओल्या मोज्यांपर्यंत. हे मला पत्रात न लिहिताही दिसलं, कारण आमचाही तसलाच कुकर होता.

आम्ही ११ वर्षं श्टुटगार्टला होतो. आम्हीही टाचण्यावाले. फक्त आमचा नकाशा नव्हता, फ्रिजवरची मॅग्नेटं होती. परत आल्यावर एकदा हौसेने सगळे फोटो गावांप्रमाणे लावायला बसले, तर मला गावंच ओळखू येईनात. एक चौक, मागे चर्च, पुढे आमचा मुलगा निळ्या जाकिटात बाबागाडीत बसलेला. सगळीकडे तेच. शेवटी बाबागाडीवरून काळ ठरवला. प्रागच्या दगडी रस्त्यांवर तिचं पुढचं डावं चाक मोडलं होतं. चाक शाबूत असेल तर प्रागच्या आधीचं गाव, चाकाला निळी दोरी बांधलेली असेल तर नंतरचं. व्हिएन्ना आणि बुडापेस्ट अजून वेगळी झालेली नाहीत, एकाच फोल्डरमध्ये पडून आहेत.

नवऱ्याची बाजूही मला कळते, आणि त्याच्यावर दात धरण्याआधी हे ऐक. हा माझा अंदाज आहे, चुकला तर सोडून दे. तो रेल्वे कॉलनीत वाढलेला मुलगा. रेल्वेच्या घरांत पास असतो. वर्षाचे पास वर्षात काढायचे, नाही काढले तर गेले. त्या घरांतली मुलं जम्मूपासून कन्याकुमारीपर्यंत फिरलेली असतात, आणि का गेलो विचारलं तर उत्तर एकच, 'पास वाया गेला असता.' तुझ्या नवऱ्याच्या डोक्यात युरोप हा असाच मुदतीचा पास आहे. दोन-तीन वर्षांनी संपणार, तोवर वसूल करायचा. त्याला तुला छळायचं नाही, त्याला काहीतरी वाया जातंय ह्याची धास्ती आहे. म्हणून 'मला फिरायला नको' असं तू म्हणालीस की त्याला ते 'पास फाडून टाक' असं ऐकू येतं. तसं म्हणूच नकोस. तुझं म्हणणं तसं नाहीच.

त्याच्याशी बोलताना एकच गोष्ट माग. ज्याचा बेत त्याची बॅग. ह्या महिन्यात त्याला कुठे जायचं असेल तर खुशाल जाऊया, पण मुलांचे कपडे, औषधं, खाणं आणि परतल्यावरचं मशीन हे त्याच्याकडे, पहिल्यापासून शेवटपर्यंत. तू यादी द्यायची नाहीस. मुलीचं जाकीट राहिलं तर राहू दे, तिकडे एक विकत घ्याल. भात नाही मिळाला तर एक दिवस ब्रेड खाल. दोनदा असं करून बघा. त्यानंतरही त्याला दर जोडसुट्टीला नवा देश हवा असला तर मी माझे शब्द मागे घेईन. मला वाटतं, तिसऱ्या वेळी तोच म्हणेल की सलग चार रात्री एकाच ठिकाणी राहू.

पुऱ्यांचंही तसंच. सहा कुटुंबांच्या सहलीत पुऱ्या लाटणारे हात नेहमी कुणाचे असतात ते मला ठाऊक आहे. इझार नदीच्या काठी भट्टी पेटवायला परवानगी असलेल्या ठरावीक जागा आहेत, तिथे ग्रुपमधल्या पुरुषांना एकदा कणसं आणि पनीर भाजायला बसवा. निखारा फुलवणं त्यांना आवडतं असा माझा अनुभव आहे.

मुलाच्या वाक्याला मात्र तुम्ही दोघांनीही नीट ऐकलेलं नाही. तू त्यात आपली बाजू ऐकलीस, नवऱ्याने तुझी फूस. नऊ वर्षांच्या मुलाला शनिवारी काय असतं तिथे? फुटबॉलच्या मॅचेस, वर्गातल्या कुणाचा तरी वाढदिवस, खालच्या मजल्यावरच्या मित्राबरोबर सायकल. त्यातलं किती त्याचं बुडलंय ते त्याला विचार. पाचव्या वर्षी तो तिथे आला, आता नऊचा आहे. तुम्हा दोघांसाठी म्युनिक म्हणजे परदेश, त्याच्यासाठी ती गल्ली आहे. गल्लीत खेळायला मिळत नाही म्हणून तो कुरकुरतोय. त्याला घेऊन दर आठवड्याला 'परदेश बघायला' जायचं म्हणजे सांगलीच्या पोराला सुट्टी लागली रे लागली की रोज वेगळ्या मावशीकडे नेऊन बसवण्यासारखं आहे. महिन्यातले दोन शनिवार त्याचे. त्यावर कुणी टाचणी लावायची नाही.

आता सासू-सासरे. सहा देश-दहा दिवस हा बेत कुणी मागितला? पत्रात तरी त्या दोघांपैकी कुणीच मागितलेला दिसत नाही. एकाला गाड्या बघायच्यात, एकीला बर्फ. दोन्ही गोष्टी बायर्नमध्येच आहेत, आणि त्यांच्यासाठी सहा हॉटेलांत बॅगा उघडाव्या लागत नाहीत.

सासऱ्यांना न्युर्नबर्गला घेऊन जा. हे मी अगदी आग्रहाने सांगते. जर्मनीतली पहिली वाफेची गाडी ७ डिसेंबर १८३५ला तिथूनच फ्यूर्टपर्यंत धावली, जेमतेम सहा किलोमीटर. आपली बोरीबंदर-ठाणे १६ एप्रिल १८५३ची, हे तुझ्या सासऱ्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. सतरा-अठरा वर्षांचा हा फरक त्यांना समोर उभा राहून बघू दे. त्या पहिल्या इंजिनाचं नाव 'आडलर', म्हणजे गरुड. मूळ इंजिन उरलेलं नाही, १९३५मध्ये शताब्दीला तसंच्या तसं दुसरं बांधलं. तेही २००५च्या आगीत जळालं, तर पुन्हा दुरुस्त करून उभं केलं. रेल्वेतल्या माणसाला ह्या गोष्टीचं किती वाटेल ते तुला-मला कळायचं नाही. तिथल्या रेल्वे संग्रहालयात बायर्नच्या दुसऱ्या लुडविग राजाचा खासगी डबाही आहे, निळा-सोनेरी, छतावर मुकुट.

त्या डब्यासाठीच मी म्हणते, की नॉयश्वानस्टाइनचा किल्ला सासऱ्यांवर लादू नका. तो राजवाडा त्याच लुडविगचा. खालच्या गावातून वर जायला अर्धा-पाऊण तासाची चढण आहे. बस आणि घोडागाडी आहेत, पण त्याही दारापर्यंत सोडत नाहीत, आणि आत दीडशेच्या वर पायऱ्या. एवढं करून आतली फेरी अर्ध्या तासाची, फोटोला बंदी. राजा स्वतः तिथे सगळे मिळून सहा महिनेही राहिला नाही. १८८६च्या जूनमध्ये तो गेला आणि सात आठवड्यांत सरकारने तिकीट लावून राजवाडा लोकांना खुला केला. सासूबाई, मुलं आणि नवरा जाऊन येऊ देत, सासरे त्या दिवशी खालच्या तळ्याकाठी बसतील. नाहीतर जवळच्या फ्यूसनच्या स्टेशनवर.

जाण्यायेण्याचं सांगते. मेमध्ये बायर्न तिकीट काढा. एका तिकिटावर पाच जण, दिवसभर, बायर्नभर. तुम्ही सहा, पण मुलगी सहाच्या आतली, तिला तिकीटच लागत नाही, म्हणजे पाचच धरले जातात. सोमवार ते शुक्रवार ते सकाळी नऊनंतरच चालतं आणि वेगवान आयसीई गाड्यांना चालत नाही. न्युर्नबर्गला साधी प्रादेशिक गाडीही पावणेदोन तासांत पोचवते. शनिवार-रविवारी नऊची अट नाही, पण गर्दी असते. त्या दोघांना न्यायचंय तर कामाचा दिवस काढा. फक्त सोमवार नको, संग्रहालय बंद असतं.

जून आणि जुलैसाठी सासऱ्यांना डॉइचलांड तिकीट काढून द्या. महिन्याला ६३ युरो, जानेवारी २०२६ पासूनचा दर, आणि देशभरातल्या सगळ्या लोकल आणि प्रादेशिक गाड्या, ट्रॅम, बस त्यावर चालतात. ते महिन्याच्या वर्गणीचं असतं, म्हणून जुलैअखेर बंद करायचं तर १० जुलैच्या आत रद्द करायला विसरू नका, नाहीतर ऑगस्टचेही पैसे जातील. मागच्या वेळी ते स्टेशनवर बसून गाड्या बघत होते. ह्या वेळी त्यांच्या खिशात पास असेल. कुठे उतरायचं, परतीची गाडी कितीची, हे त्यांना शिकवायला जाऊ नका. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांना तेच सांगितलंय. गाड्या उशिरा येतील, हे मात्र आधी सांगा. जर्मन गाड्यांबद्दल भारतात फार मोठा गैरसमज आहे.

सासूबाईंच्या बर्फासाठी त्सुगश्पित्सं. जर्मनीतलं सगळ्यात उंच शिखर, २,९६२ मीटर. कळसूबाई १,६४६ आहे, त्यावरून अंदाज कर. गार्मिशपर्यंत बायर्न तिकीट, पुढे दातेरी रुळांची गाडी आणि केबल कार, त्याचे पैसे वेगळे आणि बरेच. जूनमध्येही वर बर्फ असतो. भिशीतल्या बायकांना उंचीचा आकडा न सांगता फोटो पाठवले तर स्वित्झर्लंडच वाटेल. एवढ्या उंचीवर झपकन नेलं की चक्कर येते, धाप लागते, तेव्हा दोघांना रक्तदाबाचं काही असेल तर भारतातून निघतानाच डॉक्टरांना विचारून घ्या. औषधं पूर्ण मुक्कामाची आणा, चिठ्ठीवर औषधाच्या घटकाचं नाव हवं, कारण आपल्याकडची कंपनीची नावं तिथल्या अपोथेकेत, म्हणजे औषधांच्या दुकानात, कुणाला कळत नाहीत. व्हिसासाठी ३०,००० युरोंचा विमा काढावाच लागतो. पण तो काढताना जुन्या दुखण्यांचा खर्च त्यात धरलाय का, ते बारीक अक्षरात वाचा. पुष्कळ स्वस्त विम्यांत धरलेला नसतो.

सासूबाईंचा स्वित्झर्लंडवर फारच जीव असेल तर तोही करा, एकच देश, एकच गाव, चार रात्री. म्युनिकहून झुरिकला थेट गाडी साडेतीन-चार तासांत जाते. तिथून ल्युत्सर्न तासाभरावर. स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये आहे, व्हिसाची अडचण नाही, पण युरोपीय संघात नाही, त्यामुळे मोबाइलचं फुकट रोमिंग सगळ्यांना मिळत नाही. डेटा बंद करून जा. सासूबाईंनी भिशीच्या ग्रुपवर व्हिडिओ कॉल लावला तर बिल बघून नवऱ्याला बर्फाशिवाय थंडी भरेल.

एक मात्र लिहून ठेव. शहराच्या बाहेर पाऊल टाकताना सहाही पासपोर्ट आणि तुमची कार्डं बरोबर हवीत. आम्ही एकदा सासूबाईंना घेऊन म्युनिकहून साल्झबुर्गला गेलो होतो. दिवसाची सहल, तासा-दीड तासाचा रस्ता. सीमा आहे हे डोक्यातही आलं नाही, कारण जाताना कुणी विचारलं नाही. येताना गाडी सीमेवरच्या स्टेशनात थांबली आणि पोलीस चढले. २०१५ पासून त्या सीमेवर तपासणी असते. सासूबाईंचा पासपोर्ट श्टुटगार्टला कपाटात, साड्यांच्या घडीखाली. मी मोबाइलवर फोटो दाखवला, नवरा जर्मनमध्ये अजीजीने बोलत होता आणि सासूबाई पोलिसाला तिळाची वडी देऊ करत होत्या. सोडलं त्यांनी, दीड तासाने. वडी घेतली नाही. चूक सर्वस्वी आमची होती, आणि त्यानंतर सासूबाई बाजारात भाजी आणायला जातानाही पासपोर्ट घेऊन जायच्या.

आणखी एक, जोडसुट्ट्यांबद्दल. हिमेलफार्ट आणि फ्रोनलाइशनाम हे दोन्ही सण कायम गुरुवारीच येतात आणि शुक्रवारची रजा टाकून अख्खं बायर्न दक्षिणेकडे निघतं. साल्झबुर्गच्या रस्त्यावर त्या दिवशी गाड्या उभ्या असतात. तुम्ही त्या दिवशी घरी थांबा, बाल्कनीत बसा, सासूबाईंच्या हातचं काहीतरी खा. प्फिंग्स्टनची शाळेची सुट्टी तुमच्याकडे चांगली दोन आठवड्यांची असते. मोठा प्रवास करायचाच तर त्यातला मधला मंगळवार ते शुक्रवार निवडा.

भारतातल्या नऊ घरांबद्दल तू एकच ओळ लिहिलीस, बहुतेक लिहितानाच हात आखडला असेल. तीन आठवडे म्हणजे २१ दिवस, त्यात सांगलीला चार. ह्या वर्षी तर सासू-सासरे तीन महिने तुमच्याकडेच आहेत. मग डिसेंबरात भुसावळला पुन्हा जास्त दिवस कशाला? ह्या वेळी सांगलीला दहा दिवस, मुलांना घेऊन, एकाच घरात. बाकीच्यांना म्हणावं, भेटायला सांगलीला या. कृष्णेचा घाट तुझ्या मुलांनी किती वेळा पाहिलाय? नवऱ्याला हे सांगताना त्याच्या आईसमोर सांगू नकोस, आणि विनंतीच्या सुरात तर मुळीच नको. तारखा ठरवून सांग.

अपराधी वाटण्याचं म्हणशील, तर लोक काय खर्च करून येतात ते त्यांचं त्यांना. ते दहा दिवसांसाठी येतात आणि सोमवारी त्यांना डबे भरायचे नसतात.

शेवटचं तुझ्यासाठी. मे महिना उजाडायच्या आत, म्हणजे घरात सहा माणसं व्हायच्या आत, एक शनिवार एकटी बाहेर जा. एस-सहा लोकल पकडून श्टार्नबर्गला उतर. चाळीस मिनिटांवर तळं आहे, स्टेशनाच्या पायाशीच. ह्याच तळ्यात लुडविग बुडाला आणि पाण्यात त्याच्या नावाचा क्रूस उभा आहे, पण तो बघितलाच पाहिजे असं काही नाही. बाकावर बस. मुलांचं जेवण, मुलाची मॅच, मुलीची दुपारची झोप ह्यातलं काहीही सांगून जाऊ नकोस, नवऱ्याला सापडेल. फोन आला तर उचल, पण 'डब्यात काय आहे' एवढ्याचसाठी आला असेल तर म्हणावं, डबा केलेलाच नाही.

तुझ्यासाठीही डबा नेऊ नकोस. स्टेशनवर ब्रेट्सेल मिळतं.